जुन्या नावेचे पाण्याखालचे धातुभाग : गोड्या पाण्यातील क्षरण, दुरुस्ती आणि संरक्षण

बोटीच्या पाण्याखालच्या धातूंबद्दल पाठ्यपुस्तकात किंवा रंगाच्या कंपनीच्या पत्रकात जे वाचायला मिळते ते बहुतेक समुद्रासाठी लिहिलेले असते. मुंबई, रत्नागिरी किंवा मालवणच्या बोटीला ते लागू पडते. जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेत चालणाऱ्या नावेला ते जसेच्या तसे लावले तर पैसे खर्च होतात आणि धातू गंजतच राहतो. याचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे जस्ताचा ॲनोड. समुद्रात वर्षभरात झिजून अर्धा होणारा जस्ताचा तुकडा नदीतल्या नावेवर दोन वर्षांनीही नव्यासारखा दिसतो. 'ॲनोड शाबूत आहे, म्हणजे नाव शाबूत आहे' असे नावेचा मालक समजतो. खरे तर झिजत नसलेला ॲनोड कामच करत नसतो आणि त्याच्या शेजारचा शाफ्ट शांतपणे बारीक होत असतो.

या पाठात आपण गोड्या पाण्यातल्या जुन्या नावेचा विचार करणार आहोत. तपासणी कशी करायची, काय दुरुस्त होते आणि काय टाकूनच द्यावे लागते, रंग आणि ॲनोड यांची वाटणी कशी करायची, आणि सगळे केल्यावर ते काम करते आहे की नाही हे मल्टिमीटरने कसे पाहायचे, असा क्रम ठेवला आहे. बारावीपर्यंतचे विद्युतरसायन आठवत असेल तर पुरे.

नावेखाली कोणता धातू कुठे असतो

ग्वारीघाटावर वल्ह्यांच्या लाकडी नावा आहेत आणि इंजिन बसवलेल्या नावाही आहेत. पलीकडच्या तीरावरच्या गुरुद्वाऱ्याला जाणारे भाविक, अस्थिविसर्जनाला आलेली कुटुंबे, संध्याकाळी नर्मदेची आरती पाण्यातून पाहणारे पर्यटक यांची ने-आण या नावा करतात. वल्ह्याच्या नावेत पाण्याखाली धातू म्हणजे फळ्या जोडणारे खिळे, पट्ट्या आणि तळाला ठोकलेला पत्रा. इंजिनाच्या नावेत त्यात पंखा (प्रोपेलर), त्याचा शाफ्ट, शाफ्ट नावेबाहेर जाते तिथली नळी आणि ग्लँड, सुकाणू (घाटावर याला पतवार म्हणतात) आणि सुकाणूचा दांडा यांची भर पडते.

पंखा बहुधा पितळ किंवा ब्राँझचा, शाफ्ट साध्या पोलादाचा किंवा स्टेनलेसचा, आणि सुकाणू साध्या पोलादी पत्र्याचे. म्हणजे एकाच नावेखाली तीन-चार धातू एकमेकांना चिकटून पाण्यात बुडालेले असतात. क्षरणाला याहून अधिक काही लागत नाही.

धातू ओळखण्यासाठी विद्यार्थी लगेच चुंबक काढतात. नर्मदेच्या घाटांवर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी मुले तुम्ही पाहिली असतील. ती नाणी चुंबकाला चिकटतात, पण ती साध्या लोखंडाची नाहीत. आपली एक आणि दोन रुपयांची अलीकडची नाणी फेरिटिक स्टेनलेस पोलादाची आहेत. उलट शाफ्टसाठी वापरले जाणारे ३०४ जातीचे स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. म्हणून चुंबक चिकटला म्हणजे साधे पोलाद आणि नाही चिकटला म्हणजे पितळ, असा निष्कर्ष काढू नये. कानशीने एक कोपरा घासून आतला रंग पाहावा. पिवळा, लालसर की चंदेरी, यावरून बरेच कळते.

दोन धातू आणि एक नदी

गंजणे म्हणजे धातूने इलेक्ट्रॉन सोडून आयनरूपाने पाण्यात जाणे. ही क्रिया जिथे होते तो ॲनोड. सोडलेले इलेक्ट्रॉन धातूतून वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना घेऊन हायड्रॉक्साइड आयन बनवतो. ती जागा कॅथोड. पोलाद आणि पितळ जोडलेले असतील तर पोलाद ॲनोड होते, कारण लोखंडाचे प्रमाण विभव उणे ०.४४ व्होल्ट आहे आणि तांब्याचे अधिक ०.३४ व्होल्ट. जस्ताचे उणे ०.७६ आणि मॅग्नेशियमचे उणे २.३७. प्रत्यक्ष पाण्यात हे आकडे बदलतात. मॅग्नेशियमचा पाण्यातला आकडा तर पुस्तकापेक्षा बराच कमी भरतो, कारण त्याच्यावर लगेच थर जमतो. क्रम मात्र तोच राहतो.

या विषयाची सुरुवात जहाजांवरच झाली. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव झाला, पण पुढे तपासणीत असे दिसले की पत्रा ठोकण्यासाठी वापरलेले लोखंडी खिळे अनेक ठिकाणी खाऊन गेले होते. जिथे पत्र्याला गुंडाळून आलेला तपकिरी कागद खिळा आणि तांबे यांच्यामध्ये चुकून राहून गेला होता तिथले खिळे चांगले होते. कागदाने विद्युत संपर्क तोडला होता. व्होल्टाची बॅटरी त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी आली, त्यामुळे त्या काळी या निरीक्षणाचा पूर्ण अर्थ कोणाला लागणे शक्य नव्हते.

तो अर्थ लावला हम्फ्री डेव्ही यांनी. १८२४ मध्ये त्यांनी तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. प्रयोगासाठीच्या जहाजांत 'समरंग' हे होते, आणि ते कोचीनला बांधलेले होते. लोखंड झिजले आणि तांबे वाचले. पण वाचलेले तांबे पाण्यात विरघळेना, त्यामुळे त्याचे विष शंख-शिंपल्यांना लागेना, आणि जहाजाचा तळ जीवांनी भरून गेला. नौदलाने ही पद्धत सोडून दिली. शास्त्र बरोबर होते, पण ज्या कामासाठी तांबे बसवले होते ते कामच बंद पडले. संरक्षणाची कोणतीही युक्ती लावताना दुसरीकडे काय बिघडते हे पाहावे लागते, हे आपल्याला पुढे मॅग्नेशियमच्या बाबतीत पुन्हा दिसेल.

आता नदीकडे वळू. समुद्राच्या पाण्याची विद्युत वाहकता सेंटिमीटरला सुमारे ५०,००० मायक्रोसीमेन्स असते. गोड्या नदीची काही शे असते. म्हणजे पाण्यातून आयनांचा प्रवाह वाहायला नदीत शंभरपटीहून अधिक विरोध होतो. याचे दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांविरुद्ध जातात.

पहिला परिणाम चांगला आहे. एकूण गॅल्व्हॅनिक प्रवाह कमी, म्हणून एकूण गंज कमी. क्लोराइडही कमी, म्हणून स्टेनलेस शाफ्ट नदीत समुद्रापेक्षा खूपच चांगली टिकते.

दुसरा परिणाम फसवा आहे. समुद्रात पितळी पंख्याचा प्रभाव दूरच्या सुकाणूपर्यंत पोचतो आणि झीज मोठ्या क्षेत्रावर पसरते. नदीत प्रवाह लांब जाऊ शकत नाही, त्यामुळे जो काही गंज होतो तो दोन धातूंच्या सांध्यालगतच्या थोड्या पट्टीत एकवटतो. पोलादी शाफ्ट लांबीभर ठणठणीत दिसते, पण पंख्याच्या बोशीला लागून तिला गळा पडलेला असतो. शाफ्ट तुटते ती तिथेच. पुराच्या पाण्यात माणसांनी भरलेल्या नावेची शाफ्ट तुटणे म्हणजे काय, हे घाटावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

तपासणी

नाव बाहेर काढून आडवी टेकवावी, चिखल आणि शेवाळ ओले असतानाच ब्रश आणि पाण्याने धुवावे. वाळल्यावर शेवाळ सिमेंटसारखे बसते. पंख्यात आणि शाफ्टभोवती अडकलेले कापड, दोरा, फुलांच्या माळा आधी कापून काढाव्यात. ग्वारीघाटावर नदीत सोडलेल्या निर्माल्याचे हे वेटोळे नेहमीचेच आहे. ते केवळ पंख्याला अडवते असे नाही. त्याच्याखाली साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन पोचत नाही आणि बाहेर पोचतो. एकाच धातूवर असा ऑक्सिजनचा फरक पडला की कमी ऑक्सिजनची जागा ॲनोड होते. शाफ्टवर दोऱ्याच्या खाली वर्तुळाकार खड्डे दिसतात ते यामुळे. नाव महिनोन्महिने गाळात टेकून उभी असेल तर तळाच्या पत्र्याचा गाळातला भाग याच कारणाने आधी जातो.

नंतर हातोडी. छोट्या हातोडीने सुकाणूच्या पत्र्यावर इंचाइंचाला ठोकत जावे. जाड पत्र्याचा आवाज आणि हाताला येणारा उसळता धक्का वेगळा असतो, पातळ झालेल्या पत्र्याचा बद्द आवाज येतो. शंका आली तिथे अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावावा. तो नसेल तर बारीक भोक पाडून जाडी मोजावी आणि भोक नंतर वेल्डिंगने बुजवावे. मूळ जाडीच्या २०–२५ टक्के झीज झाली की पत्रा बदलावा, अशी जहाजदुरुस्तीतली सर्वसाधारण प्रथा आहे.

शाफ्ट आणि सुकाणूचा दांडा यांच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये, कॅलिपरने मोजावे. पीळ सहन करण्याची ताकद व्यासाच्या घनावर अवलंबून असते. ३० मिलिमीटरची शाफ्ट सांध्याजवळ २७ मिलिमीटर झाली असेल तर (२७ ÷ ३०)³ = ०.७३. व्यास दहाच टक्के कमी झाला, पण ताकद २७ टक्के गेली. शिवाय गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी ताण एकवटतो आणि वारंवार फिरताना तिथूनच तडा सुरू होतो, ते या हिशेबात आलेलेच नाही.

पंख्यासाठी चाकू लागतो. पितळात तांबे आणि जस्त असते. बरीच वर्षे पाण्यात राहिल्यावर जस्त निघून जाते आणि मागे तांब्याची सच्छिद्र, ठिसूळ जाळी उरते. आकार तसाच राहतो म्हणून हा दोष सहज लक्षात येत नाही. पात्याची कड खरवडावी. पिवळे दिसले तर ठीक, गुलाबी किंवा तांबूस दिसले आणि चाकू रुतला तर जस्त गेलेले आहे. टांगून ठोकल्यावर चांगला पंखा घंटेसारखा वाजतो, रोगी पंखा वाजत नाही. बाजारात 'मँगनीज ब्राँझ' नावाने मिळणारा पंखा नावाने ब्राँझ असला तरी त्यात साधारण ४० टक्के जस्त असते, म्हणजे तो पितळच, आणि त्याला हा रोग होतो. ॲल्युमिनियम ब्राँझला बहुतांशी होत नाही, पण तो महाग पडतो.

पात्याच्या टोकाजवळ मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खड्डे असतील तर ते क्षरणाचे नसून बुडबुडे फुटण्याच्या माराचे (कॅव्हिटेशनचे) असू शकतात. तिथे रंग आणि ॲनोड दोन्हींचा उपयोग नाही. पंख्याचा आकार किंवा वेगच चुकीचा असतो.

काय दुरुस्त होते

सुकाणूचा पत्रा कापून नवा तुकडा लावता येतो. वेल्डिंग करताना सुकाणू नावेपासून सोडवून घ्यावे आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावावा. नावेवर बसलेले असतानाच वेल्डिंग केले आणि अर्थ दूर लावला, तर परतीचा प्रवाह बेअरिंग आणि ग्लँडमधून जाऊन तिथे डाग पाडतो.

शाफ्ट ग्लँडच्या पॅकिंगखाली घासून खोबणी पडलेली असते. पावसाळ्यात नर्मदेचे पाणी गढूळ होते आणि त्यातली बारीक वाळू पॅकिंगमध्ये शिरून पॉलिशपेपरचे काम करते. ही खोबणी उथळ असेल तर लेथवर घेऊन स्लीव्ह बसवता येते. वेल्डिंगने भरून कातणे हा मार्ग स्वस्त वाटतो, पण उष्णतेने शाफ्ट वाकते आणि भरावाच्या कडेला तडे जाण्याचा धोका राहतो. माझ्या मते पंख्याच्या बाजूच्या गळ्यावर भराव कधीच करू नये, तिथे नवी शाफ्टच घ्यावी. जबलपूर हे आयुध निर्माणींचे शहर आहे, चांगला टर्नर शोधावा लागत नाही. नव्या शाफ्टचा खर्च नावाड्याला जड जातो हे खरे, पण बिघाड झाल्यावर नाव जितके दिवस बंद राहते त्याची कमाई धरली तर हिशेब बदलतो.

पॅकिंग बदलताना ग्रॅफाइट लावलेली दोरी टाळावी. ग्रॅफाइट विजेचे वाहक आहे आणि जवळजवळ सगळ्या धातूंपेक्षा कॅथोड होते. शाफ्टला तांब्याहूनही वाईट शेजार मिळतो. साधी ग्रीसमध्ये भिजवलेली ताग-सुताची किंवा टेफ्लॉनची पॅकिंग वापरावी.

जस्त गेलेल्या पंख्यावर ब्रेझिंग करून उपयोग नाही, कारण पोकळ झालेल्या धातूला नवा धातू धरत नाही. तो भंगारातच द्यावा. वाकलेले पण निरोगी पाते सरळ करता येते, नंतर पंख्याचा तोल तपासावा.

रंग : इथेच खरा बचाव आहे

नदीतल्या नावेसाठी रंग पहिला आणि ॲनोड दुसरा. का, ते पुढच्या गणितात दिसेल.

रंगाचे आयुष्य डब्यावर नाही, पृष्ठभागाच्या तयारीवर ठरते. वाळूच्या झोताने (ग्रिट ब्लास्टिंगने) पोलाद पांढुरके होईपर्यंत साफ करणे सर्वांत चांगले. त्यामुळे ५० ते ७५ मायक्रॉन खोलीचा खडबडीतपणा येतो आणि रंगाला पकड मिळते. ते शक्य नसेल तर ग्राइंडरवर तारेचा ब्रश, पण तारेचा ब्रश गंजाला चकाकी आणतो आणि तो गेल्याचा भास निर्माण करतो. ब्रशनंतर खरखरीत डिस्क फिरवावी. गंजाचे रूपांतर करणारी फॉस्फोरिक आम्लाची द्रावणे पाण्याबाहेरच्या जाळी-ग्रिलला ठीक आहेत, कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागाला मी सुचवणार नाही.

त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी, दोन-तीन थर मिळून वाळल्यावर किमान २५०–३०० मायक्रॉन. कडा, वेल्डिंगच्या रेषा आणि बोल्टची डोकी यांवर आधी ब्रशने एक जादा हात द्यावा, कारण कडेवर रंग आपोआप पातळ होतो. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस जास्त असावे. मे महिन्यात जबलपुरात अडचण उलटी असते. ४० अंशांच्या वर तापलेल्या पत्र्यावर इपॉक्सी पसरायच्या आत घट्ट होतो. तापमान १० अंशांनी वाढले की मिश्रण वापरण्याचा अवधी साधारण निम्मा होतो. म्हणून पहाटे काम सुरू करावे, सावली करावी आणि थोडेथोडेच कालवावे.

आता एक गोष्ट ऐकायला विचित्र वाटेल. पोलादी सुकाणू आणि पितळी पंखा यांपैकी एकालाच रंग देता येणार असेल तर पंख्याला द्यावा. पोलादावर रंग दिला आणि पंखा उघडा ठेवला, तर मोठ्या कॅथोडची सगळी भूक रंगावरच्या एखाद्या ओरखड्यावर तुटून पडते आणि तिथे खोल खड्डा होतो. कॅथोड झाकला की भूकच कमी होते. प्रत्यक्षात फिरत्या पंख्यावर रंग फार टिकत नाही, म्हणून पोलाद काळजीपूर्वक रंगवणे आणि पंख्याची बोशी व लगतची शाफ्ट तरी झाकणे हा मधला मार्ग.

समुद्रात तळावर जीव बसू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग देतात. नर्मदेत तो देऊ नये. इथे समुद्रातल्यासारखे कवचधारी जीव तळाला जडत नाहीत, शेवाळ ब्रशने निघते, आणि या घाटावर लोक स्नान करतात, ओंजळीने पाणी पितात. जबलपूर शहरही नर्मदेचे पाणी पिते. याच कारणाने कोलटार इपॉक्सी, स्वस्त असला तरी, नको. जुना रंग खरवडताना खाली ताडपत्री घालावी. जुन्या थरांत शिसे असू शकते आणि तो भुगा नदीत जाता कामा नये.

ॲनोडचे गणित

एक उदाहरण घेऊ. आपल्या नावेखाली पोलादी भागांचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर आहे आणि ४० सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या पंख्याच्या पात्यांचे दोन्ही बाजू धरून ०.१२ चौरस मीटर. संरक्षणासाठी उघड्या धातूला चौरस मीटरला ५० मिलिअँपिअर लागतात असे धरू. वाहत्या गोड्या पाण्यासाठी अंदाज म्हणून हा आकडा चालतो.

रंग नसताना गरज : १.१२ × ५० = ५६ मिलिअँपिअर.

चांगला रंग आहे आणि पोलादाचा ५ टक्केच भाग उघडा आहे तेव्हा : (०.०५ + ०.१२) × ५० = ८.५ मिलिअँपिअर.

आता ॲनोड किती देऊ शकतो ते पाहू. पाण्याकडे उघडे असलेले त्याचे क्षेत्रफळ ०.०४ चौरस मीटर आहे. त्याचा पाण्यातला रोध अंदाजे

रोध = ०.३१५ × पाण्याची रोधकता ÷ √(ॲनोडचे क्षेत्रफळ)

या सूत्राने निघतो. समुद्राची रोधकता ०.२ ओहम-मीटर धरली तर रोध ०.३१५ ओहम. नदीची ३० ओहम-मीटर धरली तर ४७ ओहम.

पोलादाचे संरक्षित विभव उणे ०.८५ व्होल्ट, जस्ताचे उणे १.१०, मॅग्नेशियमचे उणे १.५५ (सर्व आकडे तांबे-मोरचूद संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत). म्हणजे जस्ताला ढकलायला ०.२५ व्होल्ट मिळतात आणि मॅग्नेशियमला ०.७०. ओहमच्या नियमाने :

समुद्रात जस्त : ०.२५ ÷ ०.३१५ = सुमारे ०.८ अँपिअर.
नदीत जस्त : ०.२५ ÷ ४७ = सुमारे ५ मिलिअँपिअर.
नदीत मॅग्नेशियम : ०.७० ÷ ४७ = सुमारे १५ मिलिअँपिअर.

तोच जस्ताचा तुकडा नदीत दीडशेव्या हिश्श्याइतकाच प्रवाह देतो. शिवाय गोड्या पाण्यात त्याच्यावर पांढरा, विजेला अडवणारा थर चढतो, त्यामुळे हे ५ मिलिअँपिअरही टिकत नाहीत. सुरुवातीला सांगितलेला न झिजणारा ॲनोड तो हाच.

रंगाविना नावेला मॅग्नेशियमचे चार ॲनोड एकमेकांपासून दूर बसवावे लागतील. रंगवलेल्या नावेला एक पुरतो. पैसे कुठे घालायचे हे यातून दिसते.

मॅग्नेशियम किती टिकेल? १ अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर फॅरडेच्या नियमाने जस्त सुमारे १०.७ किलो, लोखंड ९.१ किलो आणि मॅग्नेशियम ४ किलो खर्च होते. मॅग्नेशियमचा जवळजवळ निम्मा भाग प्रवाह न देताच पाण्याशी थेट क्रिया करून वाया जातो, म्हणून ८ किलो धरावे. १५ मिलिअँपिअरला वर्षाला साधारण १२० ग्रॅम. एक किलोचा तुकडा काही वर्षे जातो. फॅरडे हे डेव्ही यांचेच सहायक होते, हे जाता जाता.

ॲनोड पोलादाला बोल्टने घट्ट, धातूला धातू लागेल असा बसवावा आणि त्याच्यावर कधीही रंग देऊ नये. पंखा लेथवर नेतात तेव्हा रंगारी हौसेने ॲनोडही रंगवून टाकतो, तिकडे लक्ष ठेवावे.

लाकडी नावेत मॅग्नेशियम जपून

डेव्ही यांच्या तांब्यासारखी गोष्ट इथे घडते. कॅथोडवर हायड्रॉक्साइड तयार होते, म्हणजे तिथले पाणी अल्कधर्मी होते. पोलादी नावेत त्याने फार तर रंगाला फोड येतात. लाकडी नावेत मात्र अल्कली लाकूड मऊ करते. धातू वाचवायला लावलेला जोरकस ॲनोड त्या धातूला धरून ठेवणाऱ्या लाकडालाच खातो. म्हणून लाकडी नावेत सगळे खिळे-बोल्ट तारेने एकत्र जोडून ॲनोडला लावण्याचा मोह टाळावा. ॲनोड फक्त शाफ्ट आणि सुकाणूसाठी, आणि त्याच्या व लाकडाच्या मध्ये रबराचा तक्ता.

खिळ्यांचा रोग ॲनोडशिवायही होतो. खिळ्याचे डोके पाण्याला लागून असते, तिथे ऑक्सिजन मिळतो. दांडा लाकडात रुतलेला, तिथे मिळत नाही. दांडा ॲनोड होऊन बारीक होतो आणि डोके गोलमटोल राहते. फळीवर खिळ्याभोवती दिसणारा काळा डाग लाकडातले टॅनिन आणि लोखंड यांचा आहे. डाग दिसला की एक खिळा काढून पाहावा. दांडा कमरेला बारीक झाला असेल तर त्या रांगेतले सगळे खिळे संशयित समजावे. नवे खिळे गरम जस्तात बुडवलेले घ्यावेत आणि जुन्या भोकात न ठोकता शेजारी नवे भोक पाडून ठोकावेत. जुने भोक लाकडी खुंटी आणि डांबराने बुजवावे.

मल्टिमीटर आणि मोरचूद

हे सगळे चालते आहे की नाही हे मोजता येते, आणि साधन प्रयोगशाळेतच बनवता येते. प्लॅस्टिकच्या नळीचे एक टोक सच्छिद्र लाकडाच्या किंवा भाजलेल्या मातीच्या बुचाने बंद करावे. नळीत मोरचुदाचे संपृक्त द्रावण भरावे, तळाशी थोडे खडे न विरघळता राहिले पाहिजेत. त्यात घासून स्वच्छ केलेली तांब्याची तार बुडवावी. हा तांबे-मोरचूद संदर्भ इलेक्ट्रोड. द्रावण माशांना विषारी आहे, तेव्हा नळी गळत नाही ना हे बादलीत तपासूनच नदीवर न्यावी.

नाव पाण्यात असताना मल्टिमीटरचे एक टोक सुकाणूच्या उघड्या धातूला, दुसरे या तारेला. बूच पाण्यात, मोजायच्या भागाच्या अगदी जवळ धरावे. नदीच्या पाण्यात विरोध जास्त असल्याने इलेक्ट्रोड दूर धरला तर पाण्यातच व्होल्ट पडतात आणि आकडा खोटा चांगला येतो.

संरक्षण नसलेले पोलाद उणे ०.५ ते उणे ०.७ व्होल्ट दाखवते. उणे ०.८५ किंवा त्याहून अधिक ऋण असेल तर पोलाद सुरक्षित. उणे १.२ च्या पुढे गेले तर ॲनोड जास्त झाला, रंग फुगेल. शाफ्टचा आकडा सुकाणूपेक्षा वेगळा आला तर आश्चर्य मानू नका. फिरत्या शाफ्टचा संपर्क तेलाच्या थरामुळे तुटक असतो, तिला वेगळा ॲनोड किंवा घासता ब्रश लागतो.

इंजिन बंद, बॅटरी जोडलेली, अशा स्थितीत एकदा मोजावे आणि बॅटरी सोडवून पुन्हा मोजावे. आकडा बदलला तर कुठेतरी गळती आहे. बहुधा तळातल्या पाण्याच्या पंपाची किंवा आरतीच्या वेळच्या दिव्यांच्या माळांची तार सोलली गेलेली असते. बॅटरीचे १२ व्होल्ट हे गॅल्व्हॅनिक विभवाच्या कित्येक पट आहेत. १ अँपिअरची गळती पोलादातून पाण्यात गेली तर महिन्याला पाऊण किलो लोखंड जाते, आणि कोणताही ॲनोड त्याला पुरा पडत नाही. तार बदलणे हाच उपाय.

यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या नावांच्या नोंदणी आणि तपासणीची तरतूद अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये आहे, पण पाण्याखालचे विभव घाटावर कोणी मोजून देणार नाही. ते नावाड्याने किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या मुलांनीच मोजायचे. वर्षातून दोन वेळा पुरते. एक उन्हाळ्यात, रंग देऊन नाव पाण्यात सोडल्यावर आठवड्याने. दुसरी दिवाळीच्या सुमारास, पूर ओसरून पाणी निवळल्यावर. बर्गी धरणातून सोडलेल्या पाण्याने पातळी चढते-उतरते, म्हणून दोन्ही वेळा इलेक्ट्रोड सुकाणूच्या त्याच ठिकाणी, पृष्ठभागापासून तेवढ्याच खोलीवर धरावा आणि वाहकता-मापक असेल तर पाण्याची वाहकताही शेजारी लिहून ठेवावी. दिवाळीचा आकडा उन्हाळ्यापेक्षा ०.१ व्होल्टने कमी ऋण झाला असेल तर आधी ॲनोडचा बोल्ट सैल झाला आहे का ते पाहावे, नंतर सुकाणूची पुढची कड. पुराच्या वाळूने रंग सर्वांत आधी तिथला जातो.